देवळालीचे कापरेकर मास्तर आणि माझी एक जुनी चूक

मनुष्याच्या हातून आयुष्यात ज्या चुका होतात, त्यांतील काही काळाच्या ओघात विरून जातात. काही मात्र म्हातारपणीही उशाशी येऊन बसतात. माझी अशी एक चूक अंकगणितातली आहे. ती सांगितल्यावाचून दत्तात्रय रामचंद्र कापरेकर या गणितज्ञाविषयी मला काही लिहिता येणार नाही. कारण कापरेकरांची आणि माझी ओळख, अर्थात कागदावरची ओळख, त्या चुकीमुळेच मला महत्त्वाची वाटली.

मी बालाघाट जिल्ह्यातला. होळकरांच्या नगरीतील वाचकांना आमचा जिल्हा फार दूरचा वाटेल. परंतु १९५६ सालापासून आपण एकाच राज्यात आहोत. वैनगंगेचा काठ, भाताची शेते, भरवेलीच्या मँगनीजच्या खाणी आणि पलीकडे गोंदिया, अशी आमची चतुःसीमा. त्या काळी गोंदियाहून जबलपूरकडे जाणारी छोट्या रुळांची गाडी आमच्या गावांवरून डुलत जाई. अशाच एका गावच्या शाळेत मी नवा मास्तर म्हणून रुजू झालो. या गोष्टीला आता पन्नासाहून अधिक वर्षे लोटली. घरात मराठी, बाजारात हिंदी आणि शाळेत दोहोंची खिचडी, असा आमचा व्यवहार होता.

एके वर्षी हेडमास्तरांनी श्रमदानाचे ठरविले आणि व्यवस्था माझ्या गळ्यात घातली. शाळेत मुले एकशे ऐंशी. मी सर्वांची एक ते एकशे ऐंशी अशी यादी केली आणि मोठ्या ऐटीने नियम जाहीर केला. ज्यांच्या क्रमांकाला तीनने भाग जातो, त्यांनी सकाळी घमेल्यांनी मुरूम वाहावा. ज्यांच्या क्रमांकाला पाचने भाग जातो, त्यांनी नंतर झाडांना पाणी घालावे. बाकीच्यांची पाळी पुढील आठवड्यात. तीनने भाग जाणारे साठ, पाचने भाग जाणारे छत्तीस, म्हणजे एकूण शहाण्णव मुले, असा हिशेब करून मी चिवड्याच्या शहाण्णव पुड्या बांधून घेतल्या. दुपारी काम आटोपल्यावर मुलांनी रांगेत उभे राहून एकेक पुडी घेतली आणि टोपलीत बारा पुड्या शिल्लक राहिल्या.

बारा मुलांनी कामाला दांडी मारली, हे मी तत्काळ ठरवून टाकले. दुसऱ्या दिवशी त्या दोन्ही तुकड्यांना मैदानात उभे केले आणि जे आले नव्हते त्यांनी पुढे यावे, असे फर्माविले. कोणीही पुढे येईना. मुले खोटे बोलतात याचा मला संताप आला आणि मी त्या सर्वांना अर्धा तास उन्हात उभे ठेवले. अखेर पंचेचाळीस क्रमांकाचा मुलगा पुढे आला. त्याचे वडील भरवेलीच्या खाणीत कामाला होते. पोरगा अंगाने किरकोळ आणि बोलायला मुलखाचा भित्रा. त्याने अगदी हलक्या आवाजात मला सांगितले की, गुरुजी, आपल्या क्रमांकाला तीननेही भाग जातो आणि पाचनेही जातो. आपण मुरूमही वाहिला आणि पाणीही घातले. पुडी मात्र एकच घेतली. असे आणखी अकरा जण आहेत.

क्षणभर माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. पंधरा, तीस, पंचेचाळीस असे करीत एकशे ऐंशीपर्यंत पंधराच्या पाढ्यातली बारा मुले मी दोनदा मोजली होती. साठ आणि छत्तीस मिळून शहाण्णव. त्यांतून दोनदा मोजलेली बारा वजा केली की राहतात चौऱ्याऐंशी. आणि चौऱ्याऐंशीच मुले आली होती. एकही कमी नव्हते. ज्या बारा जणांनी इतरांच्या दुप्पट काम केले, त्यांनाच मी पळपुटे ठरविले होते. यानंतर मी काय करावयास हवे होते, हे वाचकांना सांगावयास नको. परंतु मी नवा मास्तर होतो आणि माझा तोरा फार मोठा होता. मी मुलांना वर्गात जाण्यास सांगितले, आणि चूक माझी होती हे शब्द काही माझ्या तोंडून निघाले नाहीत. वर्ष संपले आणि तो मुलगा वडिलांबरोबर दुसरीकडे निघून गेला.

असो. पुढे काही वर्षांनी एका मासिकात मी कापरेकरांविषयी वाचले. नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तरकी करणारा एक गृहस्थ जन्मभर नुसत्या संख्या मोजीत, मांडीत आणि त्यांच्या खोड्या शोधीत बसला होता, हे वाचून मला प्रथम कुतूहल वाटले आणि मागाहून स्वतःची लाज वाटली. तेव्हापासून त्यांच्याविषयी जे काही हाती लागले, ते मी वाचीत आलो आहे.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. आई लहानपणीच, ते आठ वर्षांचे असताना गेली. वडील कारकुनी करीत. त्यांना ज्योतिषाचा नाद होता. ज्योतिषाच्या खरेखोटेपणाविषयी कोणाचे काहीही मत असो. पत्रिका मांडावयाची तर आकडेमोड हवीच, आणि आकडेमोडीची ती गोडी बापाकडून मुलाकडे आली. ठाण्याच्या शाळेत असतानाच गणिती कोडी सोडविण्याचे वेड त्यांना लागले. पुढे १९२३ साली ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गेले. तेथे १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणितातील स्वतंत्र कार्याबद्दलचे पारितोषिक मिळाले. १९२९ साली ते मुंबई विद्यापीठाचे बी. एस्सी. झाले. त्यांचे पद्धतशीर शिक्षण येथेच संपले. पुढची पदवी नाही, विलायत नाही, मोठ्या गुरूचे मार्गदर्शन नाही. १९३० साली ते देवळालीला शिक्षक झाले आणि १९६२ साली निवृत्त होईपर्यंत शिक्षकच राहिले.

शाळेच्या वेळेबाहेर हा मनुष्य काय करीत असे? तो संख्यांकडे पाहत बसे. मुंबईपासून तीसेक मैलांवर जी. आय. पी. रेल्वेचे डेम्लो नावाचे स्टेशन होते. तेथे त्यांना संख्यांच्या एका कुळाची कल्पना सुचली, तर त्या कुळाला त्यांनी स्टेशनचेच नाव देऊन टाकले. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने भाग जातो, तिला त्यांनी हर्षद म्हटले. हर्षद म्हणजे आनंद देणारी. उदाहरणार्थ, बारा घ्या. एक आणि दोन मिळून तीन. आणि तीनने बाराला भाग जातो. म्हणून बारा ही हर्षद संख्या. अकराचे तसे होत नाही.

आमच्या शाळांतून विभाज्यतेच्या कसोट्या पाठ करून घेतात. अंकांच्या बेरजेला तीनने भाग गेला तर संख्येला तीनने जातो, नऊचेही तसेच. मुले ते घोकतात आणि परीक्षा झाली की विसरतात. कापरेकर मात्र अंकांची ती बेरीज हातात धरून आयुष्यभर हिंडले. याच कसोट्यांच्या आधारे मोजणीतली माझी जुनी चूक कशी दिसते, हे त्यांच्या हर्षद संख्यांवरून मला अधिक स्पष्ट झाले. एकपासून शंभरपर्यंत हर्षद संख्या किती? मी स्वतः बसून मोजल्या. त्या तेहतीस भरतात. नऊने भाग जाणाऱ्या संख्या किती? अकरा. मग हर्षद किंवा नऊच्या पाढ्यातली, यांपैकी निदान एक गुण अंगी असलेल्या संख्या किती? माझ्यासारखा मास्तर चौवेचाळीस म्हणून मोकळा होईल. पण नऊ, अठरा, सत्तावीस असे करीत नव्वदपर्यंतच्या दहाही संख्या हर्षद आहेत. त्या दोन्ही याद्यांत येतात. म्हणून तेहतीस आणि अकरा मिळून चौवेचाळीस, त्यांतून दहा गेले, राहिले चौतीस. नऊच्या पाढ्यातली एकटी नव्व्याण्णव ही संख्या हर्षद नाही. कारण तिच्या अंकांची बेरीज अठरा, आणि अठराने नव्व्याण्णवला भाग जात नाही.

ही युक्ती काही आजकालची नाही. अठराव्या शतकात डी म्वाव्र याने आणि एकोणिसाव्या शतकात डा सिल्व्हा व सिल्व्हेस्टर यांनी ती निरनिराळ्या रूपांत मांडली. सार एवढेच की, दोन समूह एकमेकांत मिसळलेले असतील तर दोघांची बेरीज करावी आणि जे दोहोंत आहेत ते एकदा वजा करावे. समूह तीन असतील तर थोडी अधिक सावधगिरी हवी. माझ्याच एकशे ऐंशी मुलांच्या यादीत दोन, तीन किंवा पाच यांपैकी एकाने तरी भाग जाणारे क्रमांक किती, असे समजा. नव्वद, साठ आणि छत्तीस यांची बेरीज एकशे शहाऐंशी. ती मुळी शाळेच्या पटाहूनही मोठी! आता जोड्याजोड्यांतले वजा करू. सहाने भाग जाणारे तीस, दहाने भाग जाणारे अठरा, पंधराने भाग जाणारे बारा, एकूण साठ. राहिले एकशे सव्वीस. पण थांबा. तीस क्रमांकाच्या मुलाचे काय झाले? तो तिन्ही याद्यांत होता, म्हणून तीनदा मोजला गेला. आणि तिन्ही जोड्यांत होता, म्हणून तीनदा वजाही झाला. तो बिचारा हिशेबातून पार नाहीसा झाला! असे तिसाच्या पाढ्यातले सहा जण परत घ्यावयास हवेत. म्हणजे एकशे बत्तीस. तात्पर्य, अधिक मोजणे हा जसा दोष, तसाच अधिक वजा करणे हाही दोष.

आणखी एक ठेच येथे हमखास लागते. चार आणि सहा या दोघांनी भाग जाणारे क्रमांक काढताना मुले चोवीसने भागतात. वास्तविक घ्यावयाचा तो लसावि, म्हणजे बारा. एकशे ऐंशीत चारने भाग जाणारे पंचेचाळीस, सहाने जाणारे तीस आणि बाराने जाणारे पंधरा. म्हणून उत्तर साठ. चोवीस धरले तर ते अडुसष्ट येते, आणि आठ मुले पुन्हा फुकट दोषी ठरतात. मी ही चूक फळ्यावर दाखवितो तेव्हा मुले हसतात. मला हसू येत नाही.

कापरेकरांचे जगभर नाव झाले ते ६१७४ या संख्येने. ही गोष्ट त्यांनी १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडली आणि १९५५ साली स्क्रिप्टा मॅथेमॅटिका या परदेशी नियतकालिकात प्रसिद्ध केली. कृती पोरासोरांना जमेल अशी आहे. कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. चारही अंक सारखे मात्र नसावेत. तिच्या अंकांपासून मोठ्यात मोठी आणि लहानात लहान संख्या करावी आणि मोठीतून लहान वजा करावी. उत्तराचे पुन्हा तसेच करावे. कापरेकरांचे जन्मवर्ष १९०५ घेऊ. ९५१० वजा ०१५९ म्हणजे ९३५१. पुढे ८१७२, मग ७४४३, मग ३९९६, मग ६२६४, मग ४१७६ आणि सातव्या खेपेस ६१७४. याच्यापुढे कितीही खटाटोप करा, ६१७४ची ६१७४च राहते. कोठूनही निघा, फार तर सात पावलांत तेथेच पोचता. गंमत अशी की, कापरेकरांच्या जन्मवर्षाला ती सातही पावले चालावी लागतात.

ही जादू नव्हे, हेही समजून घेतले पाहिजे. संख्येचे अंक उलटसुलट मांडले तरी त्यांची बेरीज बदलत नाही. म्हणून वजाबाकीला नेहमी नऊने भाग जातो. शिवाय ती वजाबाकी दोनच गोष्टींवर ठरते. सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान अंकांतील अंतर ही एक, आणि मधल्या दोन अंकांतील अंतर ही दुसरी. पहिले अंतर एक ते नऊ असू शकते आणि दुसरे त्याच्याहून मोठे असू शकत नाही. म्हणून दोन, तीन, चार असे करीत दहापर्यंत बेरीज केली की सर्व शक्यता संपतात. ती बेरीज चोपन्न येते. मागे शून्ये धरून चार अंकी मांडण्या दहा हजार. त्यांतल्या सारख्या अंकांच्या दहा वगळल्या की उरतात नऊ हजार नऊशे नव्वद. एवढा मोठा जमाव पहिल्याच पावलात चोपन्न संख्यांच्या अंगणात येऊन उभा राहतो. ते चोपन्न धंडाळणे कोणाही चिकाटीच्या विद्यार्थ्याला एका दुपारचे काम आहे. आणि ६१७४च्या अंकांची बेरीज अठरा. अठराने तिला बरोबर तीनशे त्रेचाळीस वेळा भाग जातो. म्हणजे ही संख्याही हर्षदच!

त्यांनी शोधलेल्या आणखी एका कुळाला स्वयंभू संख्या म्हणतात. संख्येत तिच्या अंकांची बेरीज मिळविली की तिचे अपत्य मिळते. तेविसात पाच मिळविले की अठ्ठावीस; अठ्ठाविसात दहा मिळविले की अडतीस. काही संख्यांना दोन जनक असतात. एकशे एक ही एक्याण्णवपासूनही होते आणि शंभरापासूनही. दोन दिशांच्या गाड्या गोंदियाला भेटाव्यात तसे हे जंक्शन होय. परंतु काही संख्यांना जनकच नसतो, त्या स्वयंभू. शंभरापर्यंत अशा तेरा आहेत. १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६ आणि ९७. यांपैकी १, ३, ५, ७, ९, २० आणि ४२ या सात हर्षदही आहेत. म्हणून हर्षद किंवा स्वयंभू अशा संख्या तेहतीस अधिक तेरा वजा सात, म्हणजे एकोणचाळीस. स्वयंभू संख्यांनाही त्यांनी देवळालीचे नाव दिले होते. जेथे पोट भरले त्या गावाचे ऋण असेही फेडता येते.

एवढे करूनही विद्वानांच्या सभेत त्यांना मानाचे पान मिळाले, असे म्हणता येत नाही. गणिताच्या परिषदांना ते हौसेने जात. परंतु मोठमोठ्या प्राध्यापकांना त्यांचे विषय पोरखेळ वाटत. पुष्कळसे लेखन त्यांनी लहान नियतकालिकांतून किंवा पदरमोड करून काढलेल्या पुस्तिकांतून प्रसिद्ध केले. १९६६ साली त्यांची पत्नी वारली. राहणी अत्यंत साधी असूनही निवृत्तिवेतन पुरेना. तेव्हा या वृद्ध गृहस्थाने गणित-विज्ञानाच्या शिकवण्या करून निर्वाह चालविला. पुढे मार्च १९७५ मध्ये अमेरिकेतील मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकनमधील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले आणि देवळालीचे नाव देशोदेशी पोचले. त्या वेळी कापरेकर सत्तर वर्षांचे होते. तरीही हर्षद संख्यांना बाहेरच्या जगात निव्हेन संख्या असे दुसरे नाव पडले. कारण १९७७ साली आयव्हन निव्हेन यांनी त्यांवर एक व्याख्यान दिले. १९८६ साली कापरेकरांचे निधन झाले.

त्यांचे गणित गहन होते, असा दावा मी करणार नाही. तसा अधिकारही मला नाही. प्राध्यापकांची तक्रार अगदीच निराधार होती, असेही नव्हे. या शोधांनी पूल बांधले नाहीत की यंत्रे चालविली नाहीत. परंतु मला त्यांच्यात जो गुण दिसतो, तो निराळाच आहे. हा मनुष्य प्रत्येक संख्येजवळ थांबला. ही नऊच्या पाढ्यातली, म्हणून तिला घाऊक कोष्टकात टाकून तो पुढे गेला नाही. नव्व्याण्णव हर्षद नाही, विसाला जनक नाही, एकशे एकला दोन आहेत, अशी एकेकीची विचारपूस त्याने केली. पटावरच्या मुलांकडे मास्तराने असेच पाहावे लागते. मी दोन बेरजा केल्या आणि बारा मुले चोर ठरविली. मुलांची एकदा नीट विचारपूस केली असती तरी पुरे होते.

२०२५ साली कापरेकरांची एक मौज पुन्हा चर्चेत आली. पंचेचाळिसाचा वर्ग २०२५. त्याचे वीस आणि पंचवीस असे दोन तुकडे करून मिळविले की पुन्हा पंचेचाळीस. अशा संख्यांना कापरेकर संख्या म्हणतात. नऊ, पंचावन्न, नव्व्याण्णव, दोनशे सत्त्याण्णव या तिच्या बहिणी. ते वर्ष सुरू झाले तेव्हा मी शेजारच्या मुलांना हे गणित ओसरीवर करून दाखविले. मुलांनी टाळ्या वाजविल्या. मला मात्र यादीतला पंचेचाळीस क्रमांक आठवला, मैदानातले ऊन आठवले आणि घमेले वाहून सोललेले ते दोन तळहात आठवले.

तो मुलगा आता साठी ओलांडलेला गृहस्थ असेल. हे वृत्तपत्र त्याच्या हाती पडण्याचा संभव थोडा. पण पडलेच, तर त्याने एवढे जाणून घ्यावे की, त्या दिवशी हिशेब त्याचा बरोबर होता आणि चूक त्याच्या मास्तरांची होती. जी गोष्ट मी मैदानात सर्वांसमक्ष सांगावयास हवी होती, ती आज येथे सांगतो आहे. देवळालीच्या त्या थोर शिक्षकाला माझे वंदन. आणि माझ्या त्या बाराही विद्यार्थ्यांची, उशिरा का होईना, मी क्षमा मागतो.